दत्तक रस्त्यावरची पाटी

श्रोतेहो, नमस्कार.

अमेरिकेत मिसुरी राज्यातल्या सेंट लुईस शहरातून आंतरराज्य महामार्ग क्रमांक ५५ जातो. या महामार्गाचा अर्ध्या मैलाचा तुकडा आम्ही स्वच्छ ठेवतो, असा अर्ज १९९४ साली राज्याच्या महामार्ग खात्याकडे आला. अर्जदार होती कू क्लक्स क्लॅन. यादवी युद्ध संपताच १८६५ मध्ये टेनेसीत जन्मलेली, पांढरे झगे घालून काळ्या लोकांची घरं जाळणारी, त्यांना झाडाला लटकवणारी हीच ती संघटना. तिला आता रस्त्यावरचा कचरा उचलायचा होता!

रस्ता दत्तक घेण्याची ही योजना मूळची टेक्सस राज्यातली. टायलर भागातले महामार्ग अभियंता जेम्स इव्हान्स यांना १९८४ साली पुढच्या ट्रकमधून कचरा उडून रस्त्यावर पडताना दिसला. सगळा कचरा सरकारी खर्चाने किती दिवस उचलणार? मग रस्ता लोकांनाच दत्तक द्यायचं ठरलं, आणि १९८५ मध्ये टायलरच्या सिव्हिटन क्लब या समाजसेवी संस्थेने पहिला तुकडा घेतला. टेक्ससमध्ये संस्थेने दोन मैल रस्ता दोन वर्षांसाठी घ्यायचा आणि वर्षातून चार वेळा साफ करायचा. झगझगीत रंगाची जाकिटं आणि पिशव्या खातं देतं, भरलेल्या पिशव्याही तेच उचलून नेतं. बदल्यात रस्त्याकडेला पाटी लागते, तीवर संस्थेचं नाव. शाळा, चर्च, दुकानदार, कुणीही पुढे येतं. पाटी सरकारची, खांब सरकारचा, जमीनही सरकारची. क्लॅनला नेमकी हीच पाटी हवी होती.

मिसुरीने अर्ज फेटाळला. क्लॅन फक्त गोऱ्यांना सभासद करून घेते आणि केंद्राच्या पैशावर चालणाऱ्या कामात वंशभेद चालत नाही, हा राज्याचा मुख्य मुद्दा. क्लॅन कोर्टात गेली. २००० साली आठव्या विभागाच्या फेडरल अपील न्यायालयाने राज्याच्या विरोधात निकाल दिला. एखाद्या संघटनेचे विचार काय आहेत, ती कुणाला सभासद करते, यावरून तिला योजनेबाहेर ठेवता येणार नाही, असं न्यायालय म्हणालं. २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या निकालात हात घालायला नकार दिला.

निकाल वाचताना जीव तुटतो, हे खरं. त्या रस्त्याने रोज कामाला जाणाऱ्या काळ्या माणसाने काय म्हणून ती पाटी पाहायची? तरीही मला निकाल बरोबर वाटतो. आज क्लॅनचे विचार तपासायचा अधिकार खात्यातल्या अधिकाऱ्याला दिला, तर उद्या तोच अधिकारी कामगार संघटनेचे, धरणविरोधकांचे, अल्पसंख्याकांच्या संस्थेचे विचार तपासत बसेल. त्याने एवढंच विचारावं: रस्ता साफ करणार का? आणि केला का?

मिसुरीच्या विधिमंडळाने दुसरी वाट काढली. क्लॅनने मागितलेल्या रस्त्यालाच रोझा पार्क्स यांचं नाव दिलं. १ डिसेंबर १९५५ रोजी माँटगोमेरीच्या बसमध्ये गोऱ्या प्रवाशासाठी जागा सोडायला ज्यांनी नकार दिला, त्या रोझा पार्क्स. पुढे क्लॅनची माणसं कचरा उचलायलाच आली नाहीत. २००१ मध्येच खात्याने त्यांना योजनेतून काढून टाकलं, आणि या वेळी कुणालाही कोर्टात जायला जागा नव्हती, कारण काढण्याचं कारण विचार नव्हते, न केलेलं काम होतं. पाटी मागायला वर्षानुवर्षं कोर्टकचेरी करणाऱ्यांना चार पिशव्या भरायला सवड झाली नाही.

अमेरिकेतल्याच जॉर्जिया राज्याने मात्र हा धडा घेतला नाही. तिथे २०१२ साली क्लॅनच्याच एका शाखेने डोंगराळ भागातल्या ५१५ क्रमांकाच्या रस्त्याचा एक मैल मागितला. राज्याने नकार दिला आणि प्रकरण वर्षानुवर्षं कोर्टात रेंगाळलं. क्लॅनची बाजू मांडली ती नागरी हक्कांसाठी लढणाऱ्या ए.सी.एल.यू.ने. क्लॅनबद्दल या वकिलांना काय वाटत असेल ते वेगळं सांगायला नको, पण हक्क आवडीनिवडी बघून वाटायचे नसतात, हे त्यांना पटलेलं होतं.

नाव देण्याची युक्ती सगळ्यांनाच पटली असंही नाही. २००९ मध्ये मिसुरीतल्याच स्प्रिंगफिल्डजवळ नाझी विचारांच्या एका संघटनेने रस्ता घेतला, तेव्हा राज्याने त्या तुकड्याला ज्यू धर्मगुरू अब्राहम जोशुआ हेशल यांचं नाव द्यायचं ठरवलं. हेशल पोलंडमधून वेळेवर निसटले; त्यांची आई आणि बहिणी नाझींच्या हातून गेल्या. पुढे १९६५ मध्ये ते मार्टिन ल्यूथर किंग यांच्यासोबत काळ्यांच्या मतदानाच्या हक्कासाठी निघालेल्या सेल्माच्या मोर्चात चालले. पण त्यांच्या कन्या, प्राध्यापक सुझॅना हेशल, यांनी या नामकरणावर जाहीर नाराजी व्यक्त केली. माझ्या मते त्यांचा हक्क इथे सर्वांत मोठा होता. ज्यांच्या घरातली माणसं गेली, त्यांना आधी विचारायला हवं होतं. रोझा पार्क्स यांच्या नावाने मला समाधान वाटतं, हेशल यांच्या नावाने वाटत नाही, ते यामुळेच.

धन्यवाद.