आखाजीचा झोका आणि आईची दुपार

नमस्कार श्रोतेहो. दुपारची वेळ आहे. तुमच्यातल्या बऱ्याच जणी हे ऐकता ऐकता मेथी निवडत असतील, नाहीतर लसूण सोलत असतील. चालू द्या. हातातलं काम ठेवा असं मी म्हणणार नाही, कारण तुम्ही ते ठेवणार नाही हे मला पक्कं ठाऊक आहे.

मी तेहतीस वर्षं आरोग्यसेविका होते. अमळनेर-पारोळा भागातल्या गावांत घरोघर फिरले. बाळाला डोस द्यायचा, गरोदर बाईचं वजन घ्यायचं, रक्त तपासायचं. एवढ्या वर्षांत सगळ्यात जास्त वेळा ऐकलेलं वाक्य कोणतं, तर "काय करू व माय, येळच नही." चक्कर येते तर दवाखान्यात का नाही आलीस? येळच नही. गोळ्या का संपल्या नाहीत? येळच नही. आता गोळी गिळायला वेळ तो केवढा लागतो! पण मी हसत नसे. हसायचं तोंडच नव्हतं मला.

कारण माझ्या स्वतःच्या स्वयंपाकघरात, मसाल्याच्या डब्यामागे, लोहाच्या गोळ्यांची पट्टी पडलेली होती. दहातल्या दोन घेतलेल्या, आठ तशाच, वर हळदीचा थर. गावभर गोळ्या वाटणारी बाई मी. मग एका लसीकरणाच्या दिवशी, दुसऱ्याचं लेकरू हातात असताना, डोळ्यांपुढे अंधारी आली. अंगणवाडीच्या ताईंनी लेकरू वरच्यावर झेललं म्हणून बरं. त्याच दिवशी माझं रक्त तपासलं. हिमोग्लोबिन ८.४ निघालं. बाईच्या अंगात ते निदान १२ तरी हवं.

मी एकटी नव्हते. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी निघालं. म्हणजे पाण्याच्या टँकरपुढे दहा जणी उभ्या असतील तर त्यातल्या पाच-सहा जणी. आणि आम्ही त्याला काय म्हणतो? "जराशी कणकण आहे", "ऊन लागलं असेल". थकवा हा बाईच्या जातीलाच चिकटलेला असतो, असंच आम्ही धरून चालतो.

गोळीचं निघालंच आहे म्हणून सांगते. चहाबरोबर ती घेऊ नका. चहानं लोह अंगाला लागत नाही. मध्ये निदान तासाभराचं अंतर ठेवा. लिंबू पिळलेल्या पाण्याबरोबर घेतली तर चांगली लागते. आणि बाजरीची भाकर, मेथीची भाजी घरात असेल तर ती आधी तुमच्या ताटात पडू द्या. सगळ्यांचं झाल्यावर पातेल्याला लागलेलं पुसून खायचं, ही सवय आपल्या आयांनी आपल्याला लावली. लेकींना लावू नका.

आता वेळेचं. २०१९ साली केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयानं देशभर वेळेची मोजदाद केली. कोण दिवसभरात कशावर किती मिनिटं घालवतं, हे विचारलं. बिनपगारी घरकाम करणाऱ्या बाईची दिवसाला सरासरी २९९ मिनिटं त्यात जातात, म्हणजे पाच तास. पुरुषाची ९७ मिनिटं. आणि मुळात घरकामाला हात लावणारे पुरुष किती? चारांत एक. बाकीचे तिघे त्या ९७ मध्येसुद्धा नाहीत! शेतावर कापूस वेचून आलेल्या बाईचे हे पाच तास वेचणीनंतरचे असतात, हेही लक्षात घ्या.

आपल्या खान्देशात सालदाराची, म्हणजे वर्षाच्या बोलीवर शेतात राबणाऱ्या गड्याची, एक रीत आहे. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, त्याचं साल संपतं, नवं साल ठरतं. बसून बोली होते. पैसे किती, धान्य किती, सगळं बोलून घेतात. आखाजीच्या दिवशी तो मोकळा असतो. त्याच मालकाकडे राहायचं की दुसरा धरायचा, हे त्याचं तो ठरवतो. घरातल्या आईची अशी बोली कुणी केली? तिचं साल कोणत्या आखाजीला संपतं? सालदाराचे कष्ट काही कमी नसतात, पण त्याचं साल मोजलेलं असतं.

मोजलेलं नसलं की मग वेळ चोरून घ्यावा लागतो. तरुण आया तो रात्रीतून चोरतात. लेकरं झोपली, ओटा पुसला, सकाळची कणीक भिजवून ठेवली, अकरा वाजले, की अंथरुणावर पडून मोबाईल. "एवढाच वेळ माझा असतो, ताई," असं मला एकीनं सांगितलं. खरंय तिचं. पण तो वेळ येतो झोपेतून. मोठ्या माणसाला निदान सात तास झोप लागते. त्यात आपल्याकडे नळाला पाणी कधी आठ दिवसांनी, तेही रात्री दोन वाजता. हंडे भरायला कोण उठतं, हे सांगायची गरज नाही.

तुम्ही म्हणाल, पापडाच्या दिवशी आम्ही बसतोच की चार जणी. बसतो खऱ्या. उडदाच्या लाट्यांचा ढीग, हाताला तेल, गल्लीभराच्या गप्पा, आणि मधूनच तेलात बुडवून तोंडात टाकलेली एखादी लाटी. त्या दिवशी बायका खुलतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. मनाला ते लागतंच. पण दुसऱ्या दिवशी कंबर धरून बसतात त्याही ह्याच. गप्पांनी मन हलकं होतं, कंबर नाही. तिला आडवंच व्हावं लागतं. आणि मन हलकं होईनासं झालं, रडू थांबेना, झोप उडाली, तर १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी नंबर आहे. फुकट आहे, मराठीत बोलतात. लाजू नका.

मी आखाजीकडे परत येते, कारण लहानपणापासून मला वाटायचं की बाईच्या विसाव्याचा सण म्हणजे आखाजी. भाऊ आणायला यायचा, सासुरवाशीण माहेरी निघायची. निंबाला झोका, गौराईची गाणी, आंब्याचा रस. झोक्यावर उभं राहून आम्ही गावाबाहेरचा नाला दिसेपर्यंत उंच जायचो. मला स्वतः आई होईपर्यंत एक गोष्ट दिसलीच नव्हती. आम्ही झोक्यावर असताना माझी आई कुठे होती? वैशाखातल्या त्या उन्हात, चुलीपुढे, उलट्या खापरावर पुरणाचे मांडे टाकत होती. तीन लेकी, जावई, नातवंडं. मांडा हातावर फिरवत फिरवत कोपरापर्यंत यायचा, आणि कपाळावरचा घाम ती खांद्यानं पुसायची, कारण दोन्ही हात अडकलेले. आम्हा लेकींचा विसावा तिच्या पाठीवर उभा होता. तिला माहेर उरलं नव्हतं.

म्हणून मला "स्वतःसाठी वेळ काढा" हा सल्ला अर्धवट वाटतो. काढायचा कुठून? तो वेळ दुसऱ्या कुणीतरी उचलावा लागतो, आणि ती दुसरी कोणी प्रत्येक वेळी बाईच असून चालणार नाही.

आमच्या घरी मी निवृत्त झाल्यावर बोली केली. सालदारासारखी, सगळ्यांना समोर बसवून. दुपारी दोन ते तीन माझं आणि सूनबाईचं दार बंद. चहा तीननंतर. कुणाला आधी हवा असेल तर गॅस तिथंच आहे. सून बिचारी घाबरली, "आई, पाहुणे आले तर?" म्हटलं, पाहुण्यांना पाणी द्यायला तुझे सासरे आहेत. पहिल्या आठवड्यात एक पातेलं जळालं, आणि साखरेऐवजी मिठाचा चहा झाला. मिठाचा चहा ह्यांनी एकट्यानं, न बोलता प्यायला. तेव्हापासून ते डबा उघडून आधी चाटून बघतात.

तुमच्याकडे तास निघणार नाही कदाचित. वीस मिनिटं निघतील. सासूबाई ऐकत नसतील तर डॉक्टरांनी सांगितलंय म्हणा. मी आरोग्यसेविका, माझं नाव सांगा.

गेल्या आखाजीला लेक आली होती. मांडे आम्ही ऑर्डर देऊन आणले; शेजारच्या गल्लीत दोघी जणी करतात, पैसे घेऊन, आणि माझ्यापेक्षा पातळ करतात. जावई रस काढत होते. नातू म्हणाला, आजी, तू बस ना झोक्यावर. साठी उलटलेली बाई मी, गुडघे कुरकुरतात, पण बसले. त्यानं मागून ढकललं. तेवढ्यात स्वयंपाकघरात काहीतरी धाडकन पडलं, मोठं, बहुतेक रसाचं पातेलं. मी दोऱ्या घट्ट धरल्या आणि नातवाला म्हटलं, अजून ढकल.