पेपर कुणाचा?

(दृश्य: परळ, सकाळचे साडेसात. फुटपाथवरचं मोफत वाचनालय.)

परळच्या एका नाक्यावर, बंद पडलेल्या गिरणीच्या भिंतीला लागून पत्र्याचं छप्पर आहे. त्याखाली एक उतरती लाकडी फळी, फळीवर सात लोखंडी पट्ट्या. प्रत्येक पट्टीखाली एक वर्तमानपत्र. उभ्यानं वाचायचं, पान उलटायचं, घरी न्यायचं नाही. असली वाचनालयं मुंबईत गल्लोगल्ली दिसतील. बहुतेकांच्या माथ्यावर कुठल्या ना कुठल्या पक्षाचा, नाहीतर मंडळाचा फलक असतो. पेपरवाल्याचं बिलही तेच भागवतात.

आज फळीवर सहाच पेपर आहेत. सातवी पट्टी आठ दिवस रिकामी आहे. त्या पेपरात इथल्या एका नेत्याच्या जमीनव्यवहाराची बातमी आली आणि दुसऱ्या दिवसापासून तो यायचा थांबला. कुणी थांबवला, ते कुणी सांगत नाही.

बाकावर वाद मात्र जोरात आहे.

"विकला गेलेला पेपर तो! त्याचं काय घेऊन बसलात?" अण्णा म्हणतात.

"आणि तुमच्या साहेबांच्या राज्यात चॅनेलच्या संपादकाला घरातून उचलला, तेव्हा कुठे होतात हो अण्णा?" तात्या विचारतात.

"ते सोडा. त्याआधी तुमच्यांनी काय केलं, ते बोला!"

८२च्या संपापर्यंत हे दोघं एकाच गिरणीत, एकाच साचेखात्यात होते. आता झेंडे वेगळे आहेत. आम्ही वीस मिनिटं ऐकत उभे होतो. पेपर कुणाचा, मालक कुणाचा, संपादक कुणाच्या ताटाखालचं मांजर, सगळं निघालं. जमिनीच्या कागदांत काय लिहिलंय, हे एकदाही निघालं नाही.

(दृश्य: डोंगरीचा रस्ता, जुन्या तुरुंगाचा परिसर.)

परळहून डोंगरी फार लांब नाही. १८८२ साली टिळक आणि आगरकर तिथल्या तुरुंगात होते. 'केसरी' आणि 'मराठा' सुरू होऊन जेमतेम दीड वर्ष झालं होतं. कोल्हापूरच्या तरुण छत्रपतींचा छळ होतोय, असं या दोन वर्तमानपत्रांनी लिहिलं आणि बोट ठेवलं ते कारभारी माधवराव बर्व्यांवर. बर्व्यांनी अब्रुनुकसानीचा खटला भरला. ज्या पत्रांच्या आधारावर मजकूर छापला होता, ती पत्रं कोर्टात बनावट ठरली. संपादकांनी माफी मागितली, तरी चार महिन्यांची शिक्षा झाली. एकशे एक दिवसांनी दोघं बाहेर आले.

ही चूक होती आणि ती चूकच म्हणायला हवी. हातात आलेला कागद पारखून न घेता छापला, तर तो लिहिणाऱ्यावरच उलटतो. पण या गोष्टीत आणखी काही माणसं आहेत, आणि आम्ही डोंगरीला आलो ते खरं त्यांच्यासाठी.

खटला चालू असताना या दोघांना दहा हजार रुपयांचा जामीन हवा होता. १८८२ सालचे दहा हजार! ते भरले पुण्याच्या रामशेठ उरवणे यांनी, जोतीराव फुल्यांच्या शब्दावरून. फुल्यांची सत्यशोधक चळवळ आणि टिळकांचा गोट यांचं कधी जमलं नाही. जातीवरून, शिक्षणावरून, धर्मावरून त्यांच्यात टोकाचे मतभेद होते आणि ते पुढेही राहिले. पण कोल्हापूरच्या गादीवर अन्याय होतोय, हे दोघांनाही सलत होतं. सुटकेच्या दिवशी डोंगरीला स्वागताला सत्यशोधक मंडळी होती. त्यांत पुढे होते नारायण मेघाजी लोखंडे, मुंबईत 'दीनबंधू' चालवणारे संपादक. याच लोखंड्यांनी पुढे गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळवून दिली. अण्णा आणि तात्या सबंध तरुणपण जी सुट्टी भोगत आले, ती.

विरोधी गोटातल्या संपादकासाठी तुरुंगाच्या दारात उभं राहायचं. हे मुंबईनं पाहिलेलं आहे.

(दृश्य: जुन्या साप्ताहिकांचे गठ्ठे.)

१९५० साली मुंबईतून 'क्रॉस रोड्स' नावाचं डाव्या विचारांचं साप्ताहिक निघायचं. मद्रास सरकारनं त्याला आपल्या राज्यात बंदी घातली. तिकडे दिल्लीत संघाच्या विचाराच्या 'ऑर्गनायझर'ला हुकूम झाला, छापण्याआधी मजकूर आम्हाला दाखवा. दोन्ही पत्रं सर्वोच्च न्यायालयात गेली. २६ मे १९५०, एकाच दिवशी दोन्ही निकाल लागले, आणि दोघंही जिंकले. एकमेकांचं तोंड न पाहणाऱ्यांचा बचाव राज्यघटनेच्या एकाच, अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या कलमानं केला. पुढच्याच वर्षी पहिली घटनादुरुस्ती आली आणि त्या कलमाला नव्या मर्यादा पडल्या. त्या दोघांनाही सारख्याच पडल्या.

आणि मुख्यमंत्री अंतुल्यांचं प्रकरण? १९८१ साली सिमेंटच्या वाटपाचा आणि त्यांच्या ट्रस्टला मिळालेल्या देणग्यांचा संबंध 'इंडियन एक्सप्रेस'नं छापला, तेव्हाही हेच झालं. मालक इंदिराबाईंचा विरोधक, मग बातमी खरी कशी असेल? प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. तिथं मालकाचा पक्ष कुणी विचारला नाही. कुणाला किती सिमेंट मिळालं आणि देणगी केव्हा दिली, हे ताडून पाहिलं गेलं. जानेवारी १९८२मध्ये अंतुल्यांना मुख्यमंत्रिपद सोडावं लागलं. गिरण्यांचा संपही त्याच महिन्यात सुरू झाला.

(दृश्य: लोकलच्या खिडकीतून धावणारी मुंबई.)

गेल्या काही वर्षांतल्या गोष्टी बाकावरच्या दोघांना तोंडपाठ आहेत. २००९, वृत्तवाहिनीच्या कार्यालयावर हल्ला. २०१२, बंदवर फेसबुकवर लिहिलं म्हणून पालघरच्या दोन मुलींना अटक. २०२०, व्यंगचित्र पुढे पाठवलं म्हणून कांदिवलीत नौदलातल्या निवृत्त अधिकाऱ्याला मारहाण. २०२२, एका पोस्टवरून अभिनेत्री महिन्याहून जास्त कोठडीत. २०२५, उपमुख्यमंत्र्यांवरच्या विडंबनगीतानंतर खारचा स्टुडिओ फोडला. सरकारं बदलली, झेंडे बदलले. कालपर्यंत टाळ्या पिटणारे आज निषेध करतात, निषेध करणारे टाळ्या पिटतात. आम्हाला याचा मनापासून त्रास होतो. मार खाणारा आपला आहे का, हे पाहून आपण कळवळायचं की नाही ते ठरवायला लागलो आहोत.

(दृश्य: पुन्हा परळ. दुसरा दिवस, सकाळ.)

आज अण्णा लवकर आलेत. काखेत एक पेपर आहे, घडी न मोडलेला, स्टेशनबाहेरच्या स्टॉलवरून स्वतःच्या पैशांनी घेतलेला. ते सातव्या पट्टीचा स्क्रू नखानं सैल करतात, पेपर खाली सरकवतात, सुरकुती हातानं सारखी करतात. तोच पेपर, कालपर्यंत विकला गेलेला.

तात्या बघत राहतात.

"वाचा," अण्णा म्हणतात. "सात-बारा छापलाय म्हणतात त्यांनी. गट नंबर बघू द्या मला. खोटा निघाला ना, तर उद्या इथंच फाडीन!"

"आणि खरा निघाला तर?"

अण्णा चष्मा पुसतात आणि पान तीन उघडतात.