अण्णा नाईक आणि आमचा फणस

नमस्कार श्रोतेहो. जेवणं उरकली असतील, ओटा पुसून झाला असेल, उद्याच्या डाळी भिजत पडल्या असतील. आता दहा मिनिटं माझ्याकडे द्या.

आज बोलायचंय टीव्हीवरच्या मालिकेबद्दल. रेडिओवर बसून टीव्हीचं बोलणं म्हणजे माहेरी येऊन सासरचं कौतुक सांगणं. पण माहेरची माणसं तेही ऐकून घेतातच.

२२ फेब्रुवारी २०१६ ला, रात्री साडेदहाला, झी मराठीवर ‘रात्रीस खेळ चाले’ सुरू झाली. नाईकांचा जुना वाडा. सुरुवातीलाच घरातले कर्ते अण्णा नाईक वारतात, सगळी मुलं गोळा होतात, आणि मग घरात एकेक विपरीत घडायला लागतं. कोण करतंय? भूत की माणूस? प्रश्न एवढाच. सावंतवाडीजवळच्या आकेरीत चित्रीकरण झालं आणि पुढे लोक गाड्या करकरून तो वाडा बघायला जायला लागले.

प्रतिक्रिया म्हणाल तर दोन टोकांच्या. कोकणातल्या बऱ्याच जणांना राग आला. भुताखेतांचं दाखवून आमच्या मुलखाची बदनामी करता, मालिका बंद करा, इथपर्यंत गोष्ट गेली. जादूटोणाविरोधी कायदा होऊन, २०१३ पासून, तीनच वर्षं झालेली, त्यामुळे अंधश्रद्धेचा आक्षेपही आलाच. आणि हेच रागावलेले लोक साडेदहाला टीव्हीसमोर. आमच्या घरातलेच सांगते ना.

जाता जाता एक सांगते, विषय थोडा बाजूला जाईल. १९८० साली ‘वस्त्रहरण’ रंगभूमीवर आलं, मच्छिंद्र कांबळींनी मालवणी गावोगाव पोचवली, त्यांचे उपकार आहेतच. पण तेव्हापासून घाटावरच्या माणसाला मालवणी ऐकली की हसायचं एवढंच ठाऊक. कोणी “खंय गेल्लंस?” विचारलं की हे लागले हसायला! या मालिकेत त्याच बोलीत माणसं घाबरली, रडली, एकमेकांचे गळे धरायला धावली. हसायला पांडू होताच म्हणा. त्याचं ते “इसरलंय” माझ्या पुण्यातल्या शेजारणीची नातवंडंसुद्धा गृहपाठ विचारला की म्हणायची. पांडू झालेले प्रल्हाद कुडतरकर संवादही लिहीत होते. म्हणून बोली अंगावरच्या कपड्यासारखी बसली, भाड्याने आणलेल्या शेरवानीसारखी नाही.

बरं. तर आमचं घर.

कुडाळपासून थोडं आत आमचं घर आहे. माझ्या वडिलांना दोन भाऊ, दोघेही गावात. थोरले आबाकाका, धाकटे भाईकाका. वडील मुंबईत, म्हणजे आम्ही चाकरमानी. घर एकच, पण मधून भिंत. भिंत का, तर मागच्या दाराकडचा फणस. तो कोणाच्या हिश्शात, यावरून दोन भावांचं बोलणं बंद. २०१६ च्या मे महिन्यात मी गेले तेव्हा अकरा वर्षं झाली होती. झाड एक, सख्खे भाऊ दोन, आणि अकरा वर्षं एक शब्द नाही.

टीव्ही आबाकाकांच्या लोट्यावर, म्हणजे पुढच्या ओसरीवर. भाईकाकांची डिश पावसाळ्यात बिघडली ती बिघडलीच. मग ते रात्री साडेदहाला पडवीत, बरोबर खिडकीखाली येऊन बसायचे. टीव्हीकडे पाठ, तोंडात पान. म्हणायचे, “माका काय करूचा आसा? कानार येता म्हणान आयकतंय.” म्हणजे माझ्या माहितीत ती मालिका रेडिओसारखी ऐकणारा हा एकच माणूस. आणि खरं सांगू? सगळ्यात जास्त तेच घाबरायचे. भूत दाखवलं की तेवढंच असतं, ऐकवलं की ज्याच्या त्याच्या मापाचं होतं. हे माझं जुनं मत आहे, इथल्या निर्मात्यांना दर आठवड्याला ऐकवते.

तर मालिका सुरू झाली की आबाकाका पडद्याकडे बोट करायचे. “ह्यो माधव बघ. वर्सभर मुंबैक ऱ्हवतलो आनि हिश्श्याच्या वेळार हजर!” माधव म्हणजे मालिकेतला मुंबईला राहणारा मुलगा. आणि मुंबईवाली मी, समोर आंबा चोखत बसलेली. घास घशात.

लगेच खिडकीबाहेरून आवाज. “आनि तो दत्ता? गावात ऱ्हवता म्हणान काय समदा घर तेच्या बापाशीचा?”

काकी आतून, “बापाशीचाच तां!”

असं रोज. मालिकेत हे सगळं कोण करतंय याची कोणाला पडलेली नव्हती. आबाकाकांचा संशय रोज बदलायचा, पण ज्या कोणावर यायचा तो माणूस हुबेहूब भाईकाकांसारखा असायचा. भाईकाकांना नाटकी वाटायचा तो प्रत्येक जण आबाकाकांसारखा. चुलतभाऊ इंजिनिअरिंगला, त्याला विज्ञानाचं बोलणारी मोठी सून नीलिमा पटायची. काकीला तीच नको असायची. “उलट उत्तरां देता,” म्हणायची, आणि स्वतःच्या सुनेकडे बघायची. पुन्हा सांगते श्रोतेहो, नीट ऐका: बघायची सुनेकडे. टीव्हीकडे नाही.

मेअखेरीची रात्र. दिवसभर कोंदलेलं, वळवाचा वारा सुटलेला. मालिकेत कोणीतरी कंदील घेऊन मागच्या दाराकडे निघालं. आमच्याकडे सगळ्यांचे पाय वर, चटईवर. आणि लाइट गेली.

मिट्ट काळोख. कोणी हललं नाही. आणि आमच्या मागच्या दाराला, अगदी जवळ, आवाज झाला.

धप्प!

काकी किंचाळली, “अण्णा इलो!”

मी कोणाचा तरी दंड धरला. तो कोणाचा ते अजून माहीत नाही. आबाकाका भिंत चाचपत, बॅटरी घेऊन मागे गेले. दुसऱ्या बाजूने भाईकाका आले, त्यांच्या हातात रॉकेलचा दिवा. दोघे एकाच वेळी झाडाखाली पोचले. वास आधी आला. भलामोठा फणस, झाडावरच पिकून फुटलेला, मधोमध उकललेला. अर्धा अलीकडे, अर्धा पलीकडे, असं मी म्हणणार नाही, कारण हद्द कुठे आहे याचाच तर वाद होता.

दोघे उभे. कोणी बोलेना. आम्ही दारात एकमेकांच्या पाठीमागे. शेवटी भाईकाका, झाडाकडे बघत, म्हणाले, “कोयतो खंय आसा?”

अकरा वर्षांनी पहिला शब्द! काकीने माझा हात दाबला.

आबाकाका म्हणाले, “तुझ्याकडेच आसा. अकरा वर्सां झाली नेलंस तेका.”

त्या रात्री दिव्याच्या उजेडात आम्ही सगळ्यांनी तो फणस खाल्ला. बरका, अगदी गुळगुळीत गरे, हाताला खोबरेल चोळून. मालिकेत पुढे काय झालं ते कोणाला कळलं नाही, कोणी विचारलंही नाही. तुम्हाला वाटेल सकाळी भिंत पडली असेल. छे! सकाळी दोघेही आपापल्या बाजूला, तोंडं फिरवून. फक्त तेव्हापासून भाईकाका खिडकीखाली न बसता पायरीवर बसायला लागले. पडदा दिसेल असे, थोडे तिरके.

२०१९ ला दुसरा भाग आला, मागच्या काळातला, अण्णा जिवंत असतानाचा. ज्या अण्णांच्या नावाने लोकांनी बोटं मोडली, त्यांच्याच बोलण्याची नक्कल घराघरात सुरू झाली. अण्णा झालेल्या माधव अभ्यंकरांचं काम तसं होतंच. अपूर्वा नेमळेकरांची शेवंता, अण्णांची बाहेरची बाई, तर त्यांच्या बायकोपेक्षा, माईंपेक्षा लाडकी झाली, हे मला आजही पटत नाही. शकुंतला नरेंच्या माईने घर धरून ठेवलं होतं आणि टाळ्या भलतीकडेच गेल्या.

तोवर भाईकाकांनी नवी डिश बसवली होती. आता दोन्ही घरांत दोन टीव्ही, वेगवेगळ्या कंपन्यांच्या डिश, त्यामुळे एकावरचं दुसऱ्यावर क्षणभर उशिरा येतं. मी फोन केला तर मागे अण्णांचा आवाज आधी इकडून, मग भिंतीपलीकडून. म्हटलं, काकी, एकत्र का नाही बसत?

काकी म्हणाली, “बसान काय करतले? हयसर अण्णा दोनदा वराडता, तेवढाच बरा. आनि कोयतो अजून तेंच्याकडेच आसा.”