दुर्वासाला उभं राहायला शिकवताना

नमस्कार.

पत्रिकेवर विषय छापलाय ‘पहिली शिकार’. आधी एक खुलासा करून टाकते, नाहीतर अर्धी सभा बंदुकीची वाट बघत बसायची. मी गेली 22 वर्षं इंग्लंडात घोडे आणि माणसं शिकवते, आणि तिथे ‘हंट’ म्हटलं की बंदूक कुणाच्या मनातही येत नाही. पुढे वास काढत धावणारी कुत्री आणि त्यांच्या मागे रानातून, शेतांतून, कुंपणांवरून जाणारा घोडेस्वारांचा घोळका, असं ते प्रकरण. मूळ सावज फॉक्स. शाळेत आपण फॉक्स म्हणजे कोल्हा असं पाठ केलं. खरं तर आपला कोल्हा म्हणजे जॅकल, आणि फॉक्स म्हणजे खोकड. गंमत अशी की साहेब लोक उटीला हा खेळ घेऊन गेले आणि तिथल्या वेनलॉक डाउन्सच्या कुरणांवर जॅकलच्या मागे धावले. आपल्या पाठ्यपुस्तकातली चूक उटीत बरोबर ठरली.

इंग्लंड-वेल्समध्ये कुत्र्यांनी खोकड मारण्याला 2004 च्या कायद्याने बंदी आली, अंमल 18 फेब्रुवारी 2005 पासून. त्यानंतर बहुतेक टोळ्या आधी वासाची रेघ ओढून तिच्यामागे जातात. ती रेघ खरी की नुसता आडपडदा, यावर तिथे अजून हातघाईवर येऊन वाद चालतात. मी माझ्या विद्यार्थ्यांना त्या वादात नेत नाही. मी त्यांना ब्लडहाउंड जातीच्या कुत्र्यांच्या हंटकडे नेते. तिथे सावज म्हणजे एक धडधाकट माणूस. तो आधी पळत सुटतो, थोड्या वेळाने लांब कानांची, घंटेसारख्या आवाजाची कुत्री त्याच्या अंगाच्या वासावर सोडतात. याला ‘क्लीन बूट’ म्हणतात, कारण त्याच्या बुटाला बडीशेपेचा अर्क वगैरे काही चोपडलेलं नसतं. शेवटी कुत्री त्याला गाठतात आणि चाटून चाटून आंघोळ घालतात. घाबरणाऱ्या स्वाराच्या दृष्टीने यात एक मोठी सोय आहे: वाट आधी ठरलेली असते. कुठे कुंपण, कुठे फाटक, कुठे थांबा, हे आदल्या दिवशी विचारता येतं.

आता माझी जोडी. बाई 46 वर्षांची, हिशेबाचं काम करणारी. घोड्यावर पहिल्यांदा बसली 38 व्या वर्षी, आणि मध्ये एकदा पडून गळपट्टीचं हाड मोडून घेतलेलं. घोडा कुमैत, म्हणजे तांबूस तपकिरी रंगाचा, खच्ची केलेला, 8 वर्षांचा, अर्धा आयरिश ड्राफ्ट जातीचा आणि अर्धा थरोब्रेड जातीचा. उंची 16.2 हात. हा हात म्हणजे 4 इंचांचा, आणि 16.2 म्हणजे 16 हात 2 इंच, तेव्हा खांद्याशी साडेपाच फूट. मी मनात त्याचं नाव दुर्वास ठेवलं होतं. एकटा असला की ऋषी. चार घोडे दिसले की शाप द्यायला तयार: जागच्या जागी नाचणार, आडवा चालणार, लगाम दातांत धरणार, आणि कुणी मागून जवळ आलं की लाथ. बाई ऑगस्टमध्ये माझ्याकडे आली आणि म्हणाली, नोव्हेंबरात मला हंटला जायचंय, मला उडी मारायला शिकवा.

मी म्हणाले, उडीचं नंतर बघू. आधी मला हा दोन मिनिटं उभा राहिलेला दाखवा.

कारण बाहेरच्यांना हे ठाऊक नसतं की हंटचा अर्धा दिवस थांबण्यात जातो. जमायचं तेव्हा थांबायचं, पळणारा पुरेसा पुढे जाईपर्यंत थांबायचं, कुत्र्यांचा वास चुकला की थांबायचं. फाटकापाशी तर थांबणं हा धर्मच. शेवटचा माणूस उतरून फाटक लावत असताना बाकीच्यांनी निघून जायचं नसतं, कारण सगळे गेले की त्याचा घोडा त्याला परत चढू देत नाही. म्हणजे तुमचा घोडा उभा राहत नसेल तर त्याची शिक्षा दुसऱ्याला होते. धावायचं काय, मेंढरू पळालं तरी घोडा पळतो. कळपात पळणं त्याच्या रक्तातच आहे.

कामाला लागण्याआधी एक चाळणी. ‘घोडा वाईट आहे’ असं कुणी म्हणालं की मी आधी त्याचे दात, पाठ, खूर आणि खोगीर बघते. दुर्वासाचं खोगीर खांद्यामागे दोन्ही बाजूंनी चिमटत होतं. दुडकीत प्रत्येक पावलाला चिमटा, वर बाईचं वजन. आणि खुराक! आठवड्याला जेमतेम दोन तास काम, आणि रोज दोन वेळा ओट्सचा डबा. पाटलाच्या घरचा बसून खाणारा जावई. खोगीर बदललं, ओट्स बंद केले, गवत वाढवलं, आणि दिवसभर इतर घोड्यांबरोबर कुरणात सोडला. तीन आठवड्यांत त्याचा निम्मा स्वभाव निघून गेला. तो त्याचा स्वभाव नव्हताच. हे लक्षात न घेता कडक लगाम घालणारे शिक्षक तिथेही पुष्कळ आहेत, इथेही आहेत, आणि ते समोर बसले असतील तर माफ करा, पण मी माझं मत बदलणार नाही.

उरलेला निम्मा मात्र खरा होता. आणि त्यातला बराचसा बाईचा होता.

स्वीडनमधल्या संशोधकांनी 2009 साली एक सुंदर प्रयोग प्रसिद्ध केला. माणसांनी घोडा धरून किंवा त्यावर बसून एका टोकापासून दुसऱ्या टोकाला चार वेळा जायचं. चौथ्या खेपेआधी त्यांना सांगितलं, या वेळी तुम्ही जवळ आलात की छत्री उघडणार आहोत. छत्री उघडलीच नाही. पण त्या खेपेला माणसाच्या काळजाचे ठोके वाढले, आणि घोड्याचेही वाढले. घोड्याला छत्रीबद्दल कुणी काही सांगितलं नव्हतं. त्याला त्या माणसाने सांगितलं, तोंड न उघडता.

मी बाईला हे सांगितलं तेव्हा ती आणखीच घाबरली. म्हणाली, म्हणजे माझ्या भीतीची भीती वाटायला लागली आता. बरोबर होतं तिचं. ‘घाबरू नकोस’ हे वाक्य घोडेस्वारीतलं सगळ्यात निरुपयोगी वाक्य आहे. माणूस घाबरला की श्वास धरतो, गुडघे आवळतो, पुढे झुकतो, लगाम आखूड करतो. भीती जात नाही, पण या चार गोष्टी बदलता येतात, आणि घोड्यापर्यंत पोचतात त्या या चारच. श्वास सगळ्यात आधी. पण ‘श्वास सोड’ म्हणून भागत नाही, दोन पावलांत विसरतात. म्हणून मी तिला पाढे म्हणायला लावले. मोठ्याने.

हे माझं स्वतःचं औषध आहे. लहानपणी वडील माथेरानला घेऊन गेले, गाड्या थांबतात त्या दस्तुरीवर मला तट्टावर बसवलं, आणि मी जी बोंब ठोकली की घोडेवाल्या काकांनी विचारलं, ‘बाय, पाढे येतात का?’ सतरा एके सतरा, सतरा दुणे चौतीस करत मी बाजारापर्यंत पोचले. श्वास धरून पाढा म्हणता येत नाही. करून बघा. आणि सतराचाच का, तर दोनाचा म्हणताना डोकं मोकळं राहतं आणि एकोणतीसचा म्हणताना माणूस रडकुंडीला येतो. हिशेबनीस बाईला सतरा अगदी मापात बसला.

शिवाय दुर्वासाच्या मानेभोवती एक साधा चामडी पट्टा बांधला. तोल गेला की तिने बोटं त्यात अडकवायची. लगामाला लटकायचं नाही, कारण लगामाच्या दुसऱ्या टोकाला त्याचं तोंड आहे. वीस रुपयांच्या पट्ट्यानेही हे काम होतं.

आता उभं राहणं. लोक काय करतात, घोडा हलला की लगाम ओढून धरतात. तुम्ही ओढलं की तो ओढतो, आणि पाचशे किलोंशी ओढाताणीत कोण जिंकणार? आम्ही उलटं केलं. तीन सेकंद उभा राहिला की चौथ्या सेकंदाला तो हलायच्या आत तिनेच ‘चल’ म्हणायचं. म्हणजे निघण्याचा हुकूम तिचा. मग पाच सेकंद, मग दहा. आपणहून निघालाच तर ओढायचं नाही, छोट्या वळणात फिरवून त्याच जागी आणायचं आणि हात सैल सोडायचा. सैल हात हीच त्याची बक्षिसी. कुठल्याही जनावराला कळतं की कोणत्या क्षणी ताण गेला, आणि त्या क्षणी आपण काय करत होतो. साखर नंतर दिलीत तर तो फक्त साखर लक्षात ठेवतो.

सप्टेंबरभर हेच. आधी अंगणात एकटा. मग शेजारी माझी म्हातारी घोडी. मग घोडी पन्नास पावलं पुढे जाऊन परत येणार, त्याने उभं राहायचं. मग दोन घोडे दुडकीत बाजूने जाणार. मग फाटक: तिने त्याच्यावर बसूनच उघडायचं आणि लावायचं. घोडी निघून जाते तेव्हा तो जो आरडाओरडा करायचा, पहिल्या दिवशी शेजारच्या शेतातला माणूस विचारायला आला की काही झालंय का. ऑक्टोबरात तोच घोडा घोडी गेली तर एकदा हुंकारायचा आणि गवताकडे बघायचा. या दिवसांबद्दल सांगण्यासारखं फार नाही. कंटाळवाणे होते, आणि ते तसेच असायला हवेत.

दमसासाची तयारी ठरलेल्या पद्धतीने झाली: आधी काही आठवडे डांबरी रस्त्यावर नुसती चाल, मग दुडकी, मग चढावर कँटर, म्हणजे दुडकीच्या वरची धाव. उड्याही शिकवल्या, छोट्या. पण तिला साफ सांगितलं की न उडणाऱ्यांची वेगळी तुकडी असते, फाटकातून जाणारी, आणि तिथे कमीपणा नाही.

कुत्र्यांची ओळख मात्र महत्त्वाची. तिथे त्यांना कुत्री म्हटलं तर लोक दुखावतात, हाउंड म्हणायचं, आणि मोजायची जोडीने: 15 असली तर साडेसात जोड्या. आम्ही आधीच परवानगी काढून हाउंडांच्या सकाळच्या फेरीला दुर्वासाला तीनदा नेलं. नियम एकच, आणि तो मोडणाऱ्याला क्षमा नाही: हाउंड जवळून जाताना घोड्याचं तोंड त्यांच्याकडे करायचं, ढुंगण कधीच नाही. घोड्याला जवळजवळ सगळीकडचं दिसतं, पण अगदी पाठीमागचं दिसत नाही. न दिसणारं पायाशी आलं की तो लाथ मारणार. लाथाळ घोड्याच्या शेपटीला लाल फीत बांधतात, नवख्याच्या शेपटीला हिरवी. दुर्वासाला दोन्ही बांधल्या. पण लाल फीत म्हणजे परवाना नव्हे. लाथ लागली तर ‘फीत दिसली नाही का’ हे उत्तर चालत नाही, जागा तुम्हीच राखायची असते.

नोव्हेंबरातला तो रविवार. मी तिला जमण्याच्या जागी मुद्दाम पाच मिनिटं आधीच नेलं, अर्धा तास आधी नाही. मास्टरना, म्हणजे हंटच्या प्रमुखांना, आदल्या दिवशी फोन करून सांगितलं होतं. मग शिंग वाजलं. दुर्वासाने डोकं आभाळात घातलं आणि मला शेजारून ऐकू आलं, इंग्रजीत, थरथरत, सतरा दुणे चौतीस. पहिल्या धावेत आम्ही मधोमध राहिलो, माझ्या घोडीच्या आडोशाला. असल्या घोड्याला सगळ्यांच्या मागे ठेवू नका, मागे राहिलो या धास्तीनेच तो पेटतो. बाई दोनदा पट्ट्याला लोंबकळली, लगाम एकदाच खेचला.

दुसऱ्या थांब्यावर बिघडलं. कुणीतरी मागून घाईने आलं, दुर्वास उलटा चालत काटेरी कुंपणात घुसला, आणि बाईचा पाढा तुटला. मी ओरडले, ‘पुढे किती?’ ती म्हणाली, आठवत नाही. मी म्हणाले, मग पहिल्यापासून. तिने पहिल्यापासून सुरू केलं, त्याला एका छोट्या वळणात फिरवलं, पुन्हा त्याच जागी आणलं, हात सैल केला. बाजूचे लोक बघत होते. एक म्हातारे गृहस्थ तिच्याबरोबर मोजायला लागले.

त्या दिवशी एकूण चार धावा होत्या. दुसरी संपली तेव्हा पळणारा माणूस चिखलात बसला होता, अंगावर साडेसात जोड्या हाउंड, आणि तोंडभर हसू. बाई लालबुंद झाली होती. म्हणाली, तिसरी करू या. मी नाही म्हटलं. ती रागावली, आणि तो राग मला आवडला. पण घोडा दमला की शिकलेलं आधी विसरतो, आणि मला त्याची पहिली आठवण धड राखायची होती. तिसऱ्या धावेसाठी सगळे निघून जाईपर्यंत आम्ही तिथेच थांबलो. वीसेक घोडे त्याच्या डोळ्यांसमोरून गेले. मी बाईला काही बोलले नाही, फक्त त्याच्या मागच्या पायाकडे बोट दाखवलं. त्याने डावा खूर टोकावर टेकवून सैल सोडला होता, खालचा ओठ लोंबत होता. दस्तुरीवर गिऱ्हाइकाची वाट बघणारं तट्टू असंच उभं असतं.