मन घट्ट करण्याच्या सल्ल्याआधी

श्रोतेहो, नमस्कार.

कामावर असताना यंत्रात कुणाचे बोट सापडले, तर अपघाताची नोंद होते, चौकशी होते आणि त्या यंत्राला जाळी बसवली जाते. तीच व्यक्ती महिनोन्महिने अपुऱ्या झोपेने, धास्तावलेल्या मनाने कामावर येत असेल, तर मात्र ‘जरा मन घट्ट करा’ एवढेच तिला सांगितले जाते. हा सल्ला देणाऱ्याचा हेतू चांगला असेलही, पण त्यात सगळा दोष त्या व्यक्तीच्या मनावर जातो आणि कामाची रचना कशी आहे हा प्रश्न कुणी विचारतच नाही. आज मला त्या प्रश्नापासून सुरुवात करायची आहे.

कामाने माणूस नेमका कशामुळे खचतो, याचे एक उत्तर रॉबर्ट करासेक या संशोधकाने १९७९ मध्ये मांडले. कामाचा बोजा जास्त आणि ते काम कसे, कोणत्या क्रमाने, किती वेगाने करायचे हे ठरवण्याची मुभा मात्र नगण्य, अशी स्थिती असली की मनावरचा ताण सर्वांत जास्त असतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. ब्रिटनमधील सरकारी कर्मचाऱ्यांच्या ज्या प्रदीर्घ पाहण्या व्हाइटहॉल अभ्यास या नावाने ओळखल्या जातात, त्यांतही हृदयविकार वरिष्ठ अधिकाऱ्यांपेक्षा खालच्या श्रेणीतील कर्मचाऱ्यांमध्ये अधिक आढळला, आणि कामावर स्वतःचे नियंत्रण नसणे हे त्यामागील एक महत्त्वाचे कारण दिसून आले. म्हणजे ताण फक्त मोठ्या खुर्चीतल्या माणसाला असतो, ही समजूत खरी नाही. दिवसभर अनोळखी लोकांचा संताप ऐकून ठरवून दिलेलीच वाक्ये बोलणारा कॉल सेंटरमधला कर्मचारी, किंवा पुढच्या आठवड्यात आपली पाळी कोणती हे आदल्या दिवसापर्यंत ठाऊक नसणारी परिचारिका, यांचे पद लहान असले तरी त्यांचा ताण लहान नसतो.

कामाच्या तासांबद्दलही स्पष्ट बोलले पाहिजे. दिवसाला आठ आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांची मर्यादा आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने आपल्या पहिल्याच करारात, १९१९ मध्ये, घालून दिली होती. त्यानंतर शंभराहून अधिक वर्षांनी, २०२१ मध्ये, याच संघटनेने आणि जागतिक आरोग्य संघटनेने मिळून प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, आठवड्याला ५५ तास किंवा त्याहून जास्त काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत सुमारे ३५ टक्क्यांनी अधिक असतो. रात्री उशिरापर्यंत थांबणाऱ्याचे कौतुक करण्याची पद्धत आपण सोडायला हवी, असे मी आग्रहाने म्हणेन.

दीर्घकाळ न हाताळलेल्या ताणातून येणाऱ्या अवस्थेला आता सर्रास बर्नआउट म्हटले जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत तिची गणना आजारात केलेली नाही, तर कामाशी निगडित घटना म्हणून केली आहे, आणि तिची तीन लक्षणे सांगितली आहेत. शक्ती संपल्यासारखी वाटते, कामाविषयी मनात दुरावा किंवा कडवटपणा येतो आणि आपल्या हातून काही नीट होत नाही अशी भावना बळावते. यांतले दुसरे लक्षण सहसा ओळखले जात नाही. पूर्वी आपुलकीने वागणारी व्यक्ती रुग्णांशी, विद्यार्थ्यांशी किंवा ग्राहकांशी तुसडेपणाने बोलू लागली, तर लोक तिला उद्धट ठरवतात. ती दमली आहे हे कुणाच्या लक्षात येत नाही. नैराश्य मात्र यापेक्षा वेगळे असते. ते कामापुरते थांबत नाही आणि सुटीच्या दिवशी, आवडीच्या माणसांतही सोबत राहते. दोन आठवड्यांहून अधिक काळ मन सतत उदास असेल, कशातच रस वाटत नसेल, झोप आणि भूक बिघडली असेल, तर डॉक्टरांना किंवा मानसोपचारतज्ज्ञांना भेटावे. जीव नकोसा झाल्याचे विचार येत असतील, तर त्याच दिवशी कुणाला तरी सांगावे आणि वैद्यकीय मदत घ्यावी.

मग आपल्या हाती काय उरते? काम संपल्यावर मनानेही कामातून बाहेर पडणे ही विश्रांतीची पहिली अट आहे. शरीर घरी आणि डोक्यात साहेबांचा संदेश, अशा स्थितीत झोप येऊनही थकवा जात नाही. निघण्यापूर्वी उद्याचे अर्धवट काम कागदावर लिहून ठेवावे आणि कामाचे संदेश फोनवर बंद करावेत. या लहान सवयींचा उपयोग होतो. वरिष्ठांशी बोलताना ‘मला फार ताण आहे’ एवढेच सांगण्याऐवजी, हाती असलेल्या कामांची यादी समोर ठेवून ‘यांतले आधी कोणते करू आणि कोणते पुढे ढकलू’ असे विचारले, तर उत्तर मिळण्याची शक्यता वाढते. अर्थात, वरिष्ठच अपमान करत असतील, तर या युक्तीचा काही उपयोग नाही. तिथे तारखांसह नोंदी ठेवणे, विश्वासू सहकाऱ्याला सांगणे आणि तक्रारीचा रीतसर मार्ग धरणे योग्य. कामाच्या ठिकाणच्या हिंसा आणि छळाविरुद्ध २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने जो करार संमत केला, त्यात मानसिक हानीचाही समावेश आहे.

जे इतरांकडून काम करून घेतात, त्यांच्याकडे माझे बोलणे आता वळते. मनःशांतीचे एक व्याख्यान ठेवून कामाचा बोजा तसाच ठेवणे हा उपाय नव्हे. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने दिलेल्या मार्गदर्शक सूचनांत कामाच्या रचनेत बदल करण्यावर आणि व्यवस्थापकांच्या प्रशिक्षणावर भर आहे, कारण कर्मचाऱ्याची रोजची परिस्थिती बदलण्याचे अधिकार बहुधा त्याच्या थेट वरिष्ठांकडेच असतात. पाळ्या वेळेवर जाहीर करणे, रजेवरच्या माणसाला फोन न करणे, काम वाढवताना माणूसबळही वाढवणे, यांना इच्छाशक्ती लागते.

आजारपणानंतर परतणाऱ्या सहकाऱ्याच्या बाबतीत तर फारच थोडा विचार होतो. पहिल्याच दिवशी साचलेले सगळे काम त्याच्यापुढे ठेवू नये. तासांची आणि कामाची वाढ टप्प्याटप्प्याने व्हावी, आठवड्यातून एकदा वरिष्ठांनी त्याच्याशी एकांतात बोलावे, आणि त्याच्या आजाराविषयी इतरांना किती सांगायचे हे त्यालाच ठरवू द्यावे.

नमस्कार.