झोळीतलं बाळ आणि पाच लाखांचं कार्ड

(दृश्य: गडचिरोली जिल्ह्यातलं एक गाव. सकाळ. पडवीत आशाताई, बाळ-बाळंतीण आणि आजी.)

आज बाळाचा सातवा दिवस. आशाताई आधी साबणाने हात धुतात. काटा शून्यावर आहे ना ते बघतात, बाळाला झोळीत ठेवतात आणि आकडे डोळ्यांसमोर येईपर्यंत काटा वर धरतात. मग काखेत थर्मामीटर. मग झबलं वर करून, हातातल्या घड्याळावर पूर्ण एक मिनिट श्वास मोजायचे. साठ किंवा त्याहून जास्त भरले, तर बाळ लगेच दवाखान्यात.

"आजी, वजन कमी आहे याचं. एवढ्यात आंघोळ घालू नका. टोपडं घाला आणि आईच्या कुशीतच राहू द्या."

तिसरा दिवस, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा. दवाखान्यात जन्मलेल्या बाळासाठी अशा सहा भेटी. त्या पुऱ्या झाल्या की आशाला मिळतात 250 रुपये. म्हणजे एका भेटीचे बेचाळीसही नाहीत. त्यातही अटी आहेत. वजनाची नोंद हवी, जन्माची नोंद हवी, लसी झालेल्या हव्यात. आणि मार्गदर्शक सूचनांमध्ये लिहिलेली आणखी एक अट: बेचाळिसाव्या दिवसापर्यंत आई आणि बाळ दोघंही सुखरूप हवीत. बाळ दगावलं, तर पाच वेळा पायपीट केलेल्या बाईचा मोबदलाही अडतो. ही अट कुठल्या डॉक्टरला लावलेली कुणी ऐकली आहे का?

(दृश्य: भिंतीवरच्या पिशवीतून काढलेलं आयुष्मान कार्ड.)

याच घरात हे कार्डही आहे. वर्षाला कुटुंबामागे पाच लाखांपर्यंतचे उपचार. बाळाला जंतुसंसर्ग झाला, काचेच्या पेटीत ठेवायची वेळ आली, तर योजनेतल्या रुग्णालयाचं बिल सरकार भरेल. भरायलाच हवं. महाराष्ट्रात 2012 साली आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी योजना सुरू झाली, पुढच्या वर्षी ती राज्यभर गेली आणि 2017 मध्ये तिला महात्मा जोतिराव फुल्यांचं नाव मिळालं. 2018 मध्ये केंद्राची प्रधानमंत्री जन आरोग्य योजना, म्हणजेच 'आयुष्मान भारत', तिच्या जोडीला आली. जमीन गहाण न टाकता घरच्या माणसाचं ऑपरेशन झालं, असं सांगणारी घरं आज गावोगाव भेटतात.

पण या पैशाला वाट एकच. रुग्ण भरती झाला पाहिजे. तोवर विम्याच्या दप्तरात काहीच घडलेलं नसतं. सातव्या दिवशी कुणीतरी श्वास मोजले, आईला अंगावर पाजायला शिकवलं आणि भरती टळली, तर त्याचा क्लेम होत नाही.

आणि घरच्या घरी घेतलेल्या अशा काळजीने बाळं वाचतात, हे याच जिल्ह्याने जगाला दाखवलंय. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने इथल्या 39 गावांत बायकांना नवजात बाळांची घरीच काळजी घ्यायला शिकवलं. तिसऱ्या वर्षी नवजात बालमृत्यू, असं काम नसलेल्या गावांच्या तुलनेत, 62 टक्क्यांनी कमी निघाले. हा अभ्यास 1999 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला, आणि 2011 मध्ये घरी जाऊन नवजात बाळ तपासायचं काम देशभरातल्या आशांकडे आलं. काम सगळीकडे पोचलं. पगार पोचला नाही.

(दृश्य: आझाद मैदान, गुलाबी साड्यांची गर्दी.)

आशा ही 2005 पासून 'स्वयंसेविका' आहे. कर्मचारी नाही, त्यामुळे पगार नाही, पेन्शन नाही. कामागणिक मोबदला आणि वर थोडं मानधन. तेही महिनोन्‌महिने थकतं. जानेवारी 2024 मध्ये महाराष्ट्रातल्या आशा संपावर गेल्या, मुंबईत ठिय्या दिला, तेव्हा कुठे मार्चमध्ये राज्याच्या मानधनात पाच हजारांची वाढ पदरात पडली. 2025 मध्ये केंद्राने नेहमीच्या कामांचे महिन्याचे 2000 रुपये 3500 केले.

या सगळ्यात विमा योजना कुठे होती? कार्डांच्या नोंदणीसाठी घरोघर फिरायला आशाच होत्या. फेब्रुवारी 2024 च्या अर्थसंकल्पात त्यांनाही आयुष्मानचं संरक्षण जाहीर झालं. चांगलंच झालं. पण योजनेने आशाला आत घेतलं ते रुग्ण म्हणून. सेवा देणारी म्हणून तिचं नाव त्या यादीत अजूनही नाही.

असं करता येतं का? अमेरिकेत गरिबांसाठी 'मेडिकेड' हा सरकारी विमा आहे. तिथल्या मिनेसोटा राज्याने 2007 मध्येच कायदा करून वस्तीत काम करणाऱ्या आरोग्यसेविकांच्या कामाचे पैसे त्यातून देण्याची सोय केली. कॅलिफोर्नियाने जुलै 2022 पासून तेच केलं. 2024 पासून म्हाताऱ्यांच्या 'मेडिकेअर'मध्येही डॉक्टरांच्या देखरेखीखाली या सेविकांनी केलेल्या कामाचं बिल लावता येतं. तिथली व्यवस्था जशीच्या तशी उचलावी असं नाही. बिलावर चालणारं पोट पुन्हा कामागणिकच मोजलं जातं, आणि आशांना त्यातूनच बाहेर पडायचंय.

आधी ठरलेल्या तारखेला ठरलेला पगार. विम्याने त्यात आपला वाटा घालावा, एवढंच. प्रधानमंत्री योजनेच्या पॅकेजमध्ये, म्हणजे एका उपचारासाठी रुग्णालयाला मिळणाऱ्या ठरलेल्या रकमेत, घरी सोडल्यानंतरच्या 15 दिवसांचा औषधोपचार आधीच धरलेला आहे. त्या 15 दिवसांत टाके बघायला, गोळ्या घेतल्या का विचारायला, ताप आला तर गाडी बोलवायला दारात कोण येतं? रुग्णालयाचा माणूस चाळीस किलोमीटर येत नाही. आशा येते. सुरुवात करायची तर या 15 दिवसांच्या पैशातला तिचा हिस्सा वेगळा काढून करता येईल. त्यासाठी नवी योजना नको, नवं कार्डही नको. ही योजना राज्यात चालवणाऱ्या आरोग्य हमी सोसायटीने पॅकेजच्या यादीत एक ओळ वाढवायची आहे.