बेवारस बॅग आणि दिघीचा दक्ष

नवरात्र जवळ आलं की कोल्हापूरच्या अंबाबाईच्या देवळात बॉम्बशोधक पथक येतं, सोबत श्वान, हातात मेटल डिटेक्टर, दर्शनरांगेपासून आसपासच्या दुकानांपर्यंत सगळं बघून जातं. काही सापडत नाही, आणि न सापडलेलंच बरं. पण समजा महाद्वार रोडला एखादी बेवारस बॅग दिसलीच, तर तिच्याजवळ पहिल्यांदा जाणार कोण, माणूस की रोबो?

पूर्वी याला उत्तर एकच होतं, माणूस. अंगावर ३५-४० किलोचा सूट चढवायचा आणि एकट्यानं चालत जायचं. सूट छाती झाकतो, डोकं झाकतो, पण हात मात्र उघडे, कारण वायर धरायची तर बोटं मोकळी लागतात. त्या उघड्या हातांचा विचार केला की अंगावर काटा येतो.

१९७२ मध्ये उत्तर आयर्लंडला ब्रिटिश लष्कराची माणसं बॉम्ब निकामी करताना जीव गमावत होती, तेव्हा पीटर मिलर नावाच्या अधिकाऱ्यानं बागकामाच्या बॅटरीवरच्या ढकलगाडीचा सांगाडा घेतला आणि ती लांबून चालवायची सोय केली. संशयित कारला हूक अडकवायचा आणि ओढून बाजूला न्यायची, सुरुवातीला काम एवढंच. ही व्हीलबॅरो, बॉम्ब निकामी करणाऱ्या सगळ्या रोबोंची थोरली.

आपल्याकडं पुण्यात दिघीला डीआरडीओची, म्हणजे सरकारच्या संरक्षण संशोधन संस्थेची लॅब आहे, तिथं दक्ष नावाचा असाच रोबो तयार झाला आणि २०११ मध्ये त्याची पहिली खेप लष्कराला मिळाली. ऑपरेटर साधारण ५०० मीटर लांब बसून स्क्रीनवर बघत चालवतो, गडी जिने चढतो, २० किलोपर्यंत वजन उचलतो, बॅग न उघडता एक्स-रे काढतो. आपल्या उद्यमनगरातल्या लेथवाल्या मिस्त्रीला दाखवा, तो आधी दक्षच्या हाताचे सांधेच बघत बसंल, आणि बघण्यासारखेच आहेत ते, कारण तिथं जरा जरी ढिलं राहिलं तरी बॅगेला धक्का लागणार.

खरी कमाल पुढंच आहे. एक्स-रेत बॅटरी, वायर दिसली की रोबो पाण्याची बंदूक रोखतो. नळीत पाणी भरलेलं, मागं काडतूस, आणि ट्रिगर दाबला की ते पाणी इतक्या वेगानं सुटतं की बॅटरीतला करंट डिटोनेटरपर्यंत, म्हणजे स्फोटाची ठिणगी टाकणाऱ्या भागापर्यंत पोचायच्या आत सर्किटच्या चिंधड्या उडतात. सगळं जमलं तर स्फोट होतच नाही.

आणि म्हणूनच, दोरी बांधून पोलीस मागं व्हा म्हणाले तर मोबाईल वर करून पुढं घुसू नका राव, हात जोडून सांगतो, त्या ऑपरेटरला मोकळी जागा लागते.

एवढं झाल्यावरही शेवटी माणूस जातोच. रोबोनं कॅमेऱ्यातनं खात्री केली की सूट घातलेला जवान पुढं होतो आणि वायरचे तुकडे, बॅटरी, टायमर एकेक करून पिशव्यांत भरतो. बॉम्ब फुटला असता तर यातलं बरंचसं जळून गेलं असतं, आता ते फॉरेन्सिक लॅबला जातं आणि जोडणी कुणाच्या हातची, सामान आलं कुठनं, याचा तपास तिथनं सुरू होतो.